पाहुण्याबरोबर यजमानही नोंदवा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून विद्यापीठाच्या दिशेने निघाले की चार-पाच किलोमीटरवर वस्ती विरळ होते आणि डोंगरपायथ्याचे माळरान सुरू होते. अशा माळांवर, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक गावांच्या बांधांवर, गायरानांत, ओढ्याकाठी वाळवीची वारुळे असतात. वाळवी आपल्याला ठाऊक असते ती दाराच्या चौकटीला लागणारी, कपाटातले जुने कागद खाणारी, उसाचे बेणे पोखरणारी. पण वारुळात वाळवी एकटी राहत नाही. तिच्या वाटांवर, बुरशीच्या बागांत, कधी थेट राणीच्या दालनाशेजारी भुंगेरे, माश्या आणि इतर कितीतरी जीव राहतात, आणि त्यांतल्या अनेकांना वारुळाबाहेर आयुष्यच नसते. त्यांच्यातला एक मोठा गट आखूड पंखकवचांच्या भुंगेऱ्यांचा, म्हणजे रोव्ह बीटलचा आहे. या पाहुण्यांचा अभ्यास महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाला, जगभरच्या कीटकतज्ज्ञांच्या चर्चेत आला आणि नंतर इथल्या मातीत रुजलाच नाही. माझ्या मते त्याचे मूळ पैशाच्या टंचाईपेक्षा अभ्यासाच्या रीतीत आहे. पाहुणा उचलून नेला गेला; यजमान आणि त्याचे घर मागेच राहिले. हा अभ्यास पुन्हा उभा राहायचा असेल तर तो वारुळाच्या शेजारी राहणाऱ्यांनीच, म्हणजे मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी, हाती घ्यायला हवा.

आधी या भुंगेऱ्याकडे जरा जवळून पाहू. भुंगेरा म्हटला की पाठ झाकणारी दोन कडक कवचे डोळ्यांसमोर येतात. रोव्ह बीटलची कवचे मात्र अंगरख्याऐवजी बंडी घातल्यासारखी अर्ध्यातच संपतात आणि मागचे पोट उघडे राहते. उडण्याचे नाजूक पंख त्या तोकड्या कवचांखाली अनेक घड्या घालून बसवलेले असतात. उघडे पोट हवे तसे वळते, अनेक जातींत धावताना शेपटीकडचे टोक वर उचललेले दिसते, आणि कित्येक जातींत त्याच भागात रसायने सोडणाऱ्या ग्रंथी असतात. या कुळात आजवर ६५ हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत. भुंगेऱ्यांच्या कुळांत एवढे मोठे दुसरे नाही. बहुतेक जाती शेणात, पालापाचोळ्यात, दगडांखाली छोट्या किड्यांची शिकार करतात. काही शाखांनी मात्र मुंग्यांच्या आणि वाळवीच्या घरात प्रवेश मिळवला, आणि तोही एकदा नाही, स्वतंत्रपणे अनेक वेळा. म्यानमारच्या सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या अंबरात असाच एक वाळवीचा पाहुणा सापडल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या कितीतरी आधीपासून वारुळाला पाहुणे आहेत.

वाळवीच्या घरात राहण्यासाठी या भुंगेऱ्यांनी शरीराचे दोन टोकाचे घाट घेतलेले दिसतात. एक घाट चकतीचा. पाठ घुमटासारखी, डोके तिच्याखाली दडलेले, पाय आत ओढलेले. वाळवीच्या जबड्याला पकडायला कडाच नाही. दुसरा घाट फुगीर पोटाचा. पोटाच्या कडक पट्ट्यांमधली त्वचा ताणून ते पांढरट, मऊ आणि एवढे मोठे होते की काही जातींत ते पाठीवरून पुढे वळते. असे भुंगेरे १८५३ मध्ये श्योते या डॅनिश संशोधकाने ब्राझीलमधून आणलेल्या नमुन्यांवरून प्रथम जगासमोर ठेवले. त्यांतले काही तर अंडी न घालता थेट अळ्यांना जन्म देतात. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणखी एक नोंद झाली. त्या भुंगेऱ्याच्या पाठीवर वळलेल्या पोटाला वाळवीच्या देहाचा आकार आहे आणि तिच्या पायांसारखी दिसणारी उपांगेही आहेत. उघडे, लवचीक, ग्रंथींनी भरलेले पोट हे या कुळाचे मूळ भांडवल आहे, आणि वारुळातले सगळे बदल त्याच भांडवलावर उभे आहेत.

महाराष्ट्राचा या कथेतला वाटा मोठा आहे, आणि तो जवळजवळ विसरला गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वळण या गावी जर्मन जेझुइटांचे मिशन होते. तिथल्या फादर हाइम यांनी वारुळे उकरून वाळवी आणि तिचे पाहुणे गोळा केले आणि ते एरिख वास्मान या जेझुइट कीटकतज्ज्ञाकडे युरोपात पाठवले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे फादर योझेफ आस्मुथ यांनीही मुंबई इलाख्यातून हेच काम केले; लाकूड खाणाऱ्या वाळवीवरचे त्यांचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वास्मानने १८९९ मध्ये टर्मिटोडिस्कस ही चकतीच्या आकाराच्या भुंगेऱ्यांची प्रजाती प्रस्थापित केली. तिच्यातल्या एका जातीला हाइम यांचे नाव आहे आणि तिचे भुंगेरे एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत. १९०२ मध्ये त्याने भारत आणि श्रीलंकेतल्या वाळवीवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. आज देशभर शेतकी महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या ओडोन्टोटर्मिस वॉलोनेन्सिस या वाळवीच्या नावात वळण गाव आहे आणि कोप्टोटर्मिस हाइमी या लाकूडखाऊ वाळवीच्या नावात हाइम आहेत. वास्मानचा संग्रह मात्र नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या निसर्गइतिहास संग्रहालयात आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना भारत सोडावा लागला आणि ही परंपरा तुटली. पुढे माल्कम कॅमरन यांनी १९३० ते १९३९ या काळात ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालिकेत रोव्ह बीटलवर जाडजूड खंड लिहिले. त्यांचा संग्रह लंडनला गेला. स्वातंत्र्यानंतर रूनवाल आणि छोटानी यांनी भारतीय वाळवीची पद्धतशीर मांडणी केली. तिचे खंड १९८९ आणि १९९७ मध्ये निघाले. म्हणजे यजमानाचे काम भारतात झाले. पाहुण्यांची माहिती अजूनही बहुतांशी परदेशी कपाटांत आहे.

नमुना दूर नेला म्हणजे अभ्यासाचे नेमके काय बिघडते, याचे उदाहरण याच मातीतून गेलेल्या एका माशीने दिले आहे. १९०० मध्ये वास्मानने टर्मिटोक्सेनिया या नावाने वाळवीच्या घरातल्या एका विलक्षण माशीचे वर्णन केले. तिला उडण्याजोगे पंख नाहीत, पोट प्रचंड फुगलेले. हाइम आणि आस्मुथ यांच्या नावाने तिच्या भारतीय जाती नोंदल्या गेल्या. नमुने तपासताना वास्मानला नर सापडेना. त्यावरून, आणि शरीराच्या आतल्या रचनेच्या त्याने लावलेल्या अर्थावरून, ही माशी उभयलिंगी आहे, एकाच देहात आधी नर आणि मग मादी होते, असा निष्कर्ष त्याने काढला. अंड्यातून अळीऐवजी थेट पूर्ण माशी बाहेर पडते, असेही त्याने मांडले. वास्मान निष्काळजी नव्हता. वारुळातल्या आणि मुंग्यांच्या घरातल्या पाहुण्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. पण तो लक्झेंबर्गमध्ये बसून स्पिरिटमध्ये बुडवलेले, वारुळातून उचललेले जीव पाहत होता. वारुळाबाहेर कोण उडते हे त्या बाटलीत असणे शक्यच नव्हते. नर पंख असलेले होते आणि मादीहून इतके निराळे होते की कीटकतज्ज्ञांनी त्यांना अलामिरिनी या वेगळ्याच उपकुळात घातले होते. नवरा एका कपाटात, बायको दुसऱ्या कपाटात, आणि दोघांची गाठ कागदावर पडली नाही. १९९२ मध्ये डिझ्नी आणि कमिंग यांनी ते उपकुळ रद्द केले आणि उभयलिंगीपणाचा सिद्धान्त कायमचा बाद ठरवला. सुमारे ९२ वर्षे गेली. शंका मधल्या काळातही घेतल्या गेल्या होत्या. पण वारुळाच्या तोंडाशी बसून, कोण आत जाते आणि कोण बाहेर येते हे ऋतूमागून ऋतू पाहणारे कोणी असते तर एवढा वेळ लागण्याचे कारण नव्हते.

कोणी म्हणेल, ही एक चूक झाली. तिच्यावरून साऱ्या रीतीला दोष का द्यावा? कारण त्या रीतीत प्रश्नाचा गाभाच निसटतो. वाळवीच्या कामकऱ्यांना बहुतेक जातींत डोळे नसतात. आपला कोण आणि परका कोण हे त्या स्पर्शाने आणि त्वचेवरच्या मेणचट थराच्या वासाने ओळखतात. १९८० मध्ये हॉवर्ड, मॅकडॅनियल आणि ब्लॉमक्विस्ट यांनी अमेरिकेतला एक रोव्ह बीटल आणि त्याची यजमान वाळवी यांच्या त्वचेवरची रसायने तपासली. दोघांवर तीच हायड्रोकार्बन द्रव्ये होती, आणि भुंगेरा ती वाळवीकडून उसनी न घेता स्वतःच तयार करत होता. याचा अर्थ भुंगेऱ्याचे ‘रूप’ बऱ्याच अंशी गंधात आहे, आणि तो गंध एका ठरावीक यजमानाशी जुळलेला आहे. टाचणीला टोचलेल्या किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यावरून कवचावरचे केस मोजता येतात. हे नाते मोजता येत नाही. यजमान कोण हे लेबलवर नसेल तर तो भुंगेरा पत्ता फाटलेल्या पाकिटासारखा हातात राहतो.

आता सगळ्यात जड आक्षेप. जायकवाडी पन्नास-साठ किलोमीटरवर असूनही ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, जिथे हंड्यांसाठी मोर्चे निघतात आणि क्रांती चौकात धरणे धरली जातात, तिथे दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्यावर विद्यापीठाने वेळ का घालवावा? हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की या अभ्यासाला लागणारा पैसा पाणीयोजनेच्या हिशेबात दिसणारसुद्धा नाही: चिमटा, बाटल्या, अल्कोहोल, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि चालायची तयारी. दुसरे उत्तर अधिक मोलाचे आहे. वाळवीने पोखरलेल्या जमिनीत पाणी मुरते हे अनेक कोरड्या प्रदेशांत दिसले आहे. बुर्किना फासोचे शेतकरी कडक झालेल्या जमिनीत ‘झाइ’ नावाचे खड्डे करून त्यांत शेणखत टाकतात. खतावर वाळवी येते, तिच्या वाटांनी माती मोकळी होते आणि पहिल्या पावसाचे पाणी आत जाते. मराठवाड्याची काळी माती वेगळी आहे आणि तो प्रयोग जसाच्या तसा इथे उचलून आणा असे मी म्हणणार नाही. पण आपल्या मातीत वाळवी पाण्याचे काय करते हे कळण्यासाठी आपल्याकडे कोणत्या जाती आहेत, त्यांची घरे किती खोल आहेत, त्यांत कोण राहते हे आधी माहीत हवे. दुष्काळी प्रदेशाने आपल्या जमिनीखालच्या जीवांविषयी अनभिज्ञ राहणे ही चैन आहे, अभ्यास करणे नव्हे.

उपयोगाच्या बाजूने बोलताना एक मोह टाळला पाहिजे. हे पाहुणे वाळवीचा नायनाट करतील, जैविक नियंत्रणाचे साधन होतील, असे आश्वासन अनुदानाच्या अर्जात लिहिणे सोपे आहे. ते खरे होण्याची शक्यता मात्र मला फार कमी वाटते. पाहुण्याचे जगणे घराच्या जगण्यावर अवलंबून असते, आणि घर पाडणारा पाहुणा कोटी कोटी वर्षे टिकत नाही. शिवाय भारतातल्या सुमारे तीनशे वाळवींपैकी पिकांचे आणि इमारतींचे नुकसान करणाऱ्या थोड्याच आहेत; बाकीच्या पाचोळा, शेण, मेलेले लाकूड मातीत मिसळतात. वाळवी म्हणजे शत्रू, हे समीकरण धरून वारुळात कीटकनाशक ओतले की नासधूस करणाऱ्या जातीबरोबर निरुपद्रवी जातीही जातात, आणि त्यांच्याबरोबर जे जीव दुसरीकडे कुठे राहूच शकत नाहीत तेही जातात. या कुळाचा माणसाशी रोजचा संबंध पाहायचा असेल तर तो पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या पेडरस या रोव्ह बीटलमध्ये दिसतो: अंगावर काळ्या-केशरी पट्ट्या, मुंगीसारखा लांबट देह. तो चावत नाही. पण अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातले पेडेरिन कातडीला लागते, आणि एक-दोन दिवसांत लाल पट्टा उठून फोड येतात. घरोघरी या फोडांना नागीण समजले जाते आणि भलतेच उपचार होतात. हे विषसुद्धा भुंगेऱ्याचे स्वतःचे नव्हे. त्याच्या शरीरातले जिवाणू ते बनवतात, हे योर्न पील यांच्या २००२ मधल्या संशोधनातून पुढे आले. तोच पेडरस भाताच्या शेतात तुडतुडे खातो. किडा चिरडू नका, फुंकर मारून उडवा, लागला तर साबणाने जागा धुवा, एवढे सांगायलाही तो किडा ओळखणारा माणूस गावात असावा लागतो.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. आता डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखता येते. मग वारुळाशेजारी बसण्याचा खटाटोप कशाला? या तंत्राचे महत्त्व मी मनापासून मानतो. टर्मिटोक्सेनियाचे नर आणि मादी एकच आहेत हे आज त्याने एका आठवड्यात कळले असते. पण तुकडा जुळवायला आधी खात्रीने ओळखलेल्या नमुन्याचा तुकडा नोंदीत असावा लागतो, आणि मराठवाड्यातल्या वारुळांमधल्या पाहुण्यांचे असे नमुने जमवायला सुरुवात कोणीतरी करावीच लागेल. शिवाय डीएनए भुंगेऱ्याचे गोत्र सांगतो. तो बुरशीच्या बागेत होता की राणीच्या दालनात, कामकरी त्याला चाटत होते की तो वाळवीची अंडी खात होता, हे सांगत नाही. पाहुण्याच्या बाबतीत खरे ज्ञान यातच आहे. वास्मानने असे मानले होते की मुंग्या आणि वाळवी पाहुण्यांना जणू निवडून पोसतात. त्या कल्पनेवर व्हीलर आणि एशेरिख यांच्यासारख्या समकालीनांनी कडाडून टीका केली. पुढे हॉल्डोब्लर यांनी युरोपातल्या मुंग्यांच्या घरात भुंगेऱ्याच्या अळ्यांना अन्न कसे भरवले जाते आणि कोणत्या ग्रंथींमुळे त्या स्वीकारल्या जातात हे प्रयोगांनी दाखवले, तेव्हा तो वाद पुराव्यावर आला. तो पुरावा जिवंत घरातून मिळाला होता.

वारूळ उकरण्याला विरोध होईल तो श्रद्धेचाही. नागपंचमीला ज्या वारुळावर बायका दूध-लाह्या वाहतात त्यावर कुदळ घालणे गावाला रुचणार नाही, आणि रुचू नये. त्याची गरजही नाही. वारुळाच्या कडेला हातभर काप घेतला तरी वाळवी काही दिवसांत तो बुजवते. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी बाहेर पडते तेव्हा कोण कोण बरोबर बाहेर येते हे तोंडाशी बसून पाहता येते. पुजले जाणारे वारूळ सोडून दुसरे निवडता येते. आज वारुळांना खरा धोका अभ्यासकाच्या कुदळीचा नाही. बीड बायपासपासून पैठण रोडपर्यंत प्लॉट पाडताना जेसीबीखाली जी वारुळे सपाट होतात त्यांची कुठेही एका ओळीची नोंद होत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. झाडे, पक्षी, पिकांची वाणे तिच्यात येतात. वारुळासाठीही तिच्यात पान असावे.

हे करणार कोण? या भुंगेऱ्यांच्या तज्ज्ञांची संख्या देशात फार थोडी आहे, हे खरे. आणि तज्ज्ञ नाहीत म्हणून काम नाही, काम नाही म्हणून तज्ज्ञ नाहीत, असे चक्र फिरत राहते. ते तोडण्याची एक जागा समोर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून विच्छेदन बंद केले. निर्णय योग्यच होता. पण बेडूक आणि झुरळ गेल्यावर अनेक ठिकाणी त्या तासांना तक्ते आणि चित्रफिती आल्या, आणि जिवंत प्राणी पाहण्याची सवय मोडली. ते तास वारुळाला द्यावेत. बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याला नव्या जातीचे वर्णन करता येणार नाही; पण वाळवीचा सैनिक ओळखायला तो शिकू शकतो. ओडोन्टोटर्मिसच्या सैनिकाच्या डाव्या जबड्यावर एक ठळक दात असतो, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा. जात ठरवायला कामकरी वाळवी पुरत नाही, सैनिक लागतो. नवशिक्याच्या हातून नोंदी चुकतील, हा आक्षेप त्यामुळेच फारसा टिकत नाही: ओळख चुकली तरी नमुना बाटलीत आहे आणि पुढचा तज्ज्ञ ती दुरुस्त करू शकतो. बाटलीत सैनिकच नसेल तर मात्र कोणालाच काही करता येत नाही.

म्हणून मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्र विभागांच्या प्रमुखांना विनंती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जवळची पाच वारुळे निवडावीत आणि मालकाची परवानगी घेऊन वर्षभर तीच पाहावीत. सापडलेला प्रत्येक पाहुणा त्याच घरच्या वाळवीच्या सैनिकांसह एकाच बाटलीत ठेवावा. लेबलवर गाव, तारीख, खोली, आणि तो बुरशीच्या बागेत, वाटेवर की राणीजवळ सापडला हे शिसपेन्सिलने लिहावे. एक संच आपल्या विभागात ठेवावा आणि दुसरा पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था त्यांच्याशी बोलून करावी.